जुन्या लष्करी रायफलचा अस्सलपणा आणि किंमत कशी ठरवायची: कुठल्या क्रमाने काय बघायचं

बहुतेक जण ही तपासणी उलट्या टोकाने सुरू करतात. आधी नेटवर किंमत बघायची, मग ती आपल्या रायफलला कशी लागू होते याची कारणं शोधत बसायचं, आणि विकणारा "सगळे नंबर मॅचिंग आहेत", म्हणजे सगळ्या पार्टवर एकच सिरियल नंबर आहे, असं म्हणाला की पैसे मोजून मोकळं व्हायचं. दुसरी चूक याहून वाईट. रायफल घरी आणल्या आणल्या स्टील वूल आणि पॉलिश घेऊन बसायचं, म्हणजे जे बघून तिचा अस्सलपणा कळला असता तेच आपल्या हाताने पुसून टाकायचं.

क्रम असा ठेवा: आधी ही नक्की काय आहे, मग हिच्यावर कुणाचा हात कधी फिरलाय, मग ही धड आहे का, आणि पैशांचा विचार सगळ्यात शेवटी.

"ओरिजिनल आहे की नाही" याचं हो-नाहीत उत्तर मिळत नाही हे सुरुवातीलाच समजून घ्या. रायफल कारखान्यातून निघाली तशी असू शकते. लष्कराने स्वतःच आर्सेनलमध्ये (लष्करी शस्त्रांच्या कारखान्यात) उघडून पुन्हा जुळवलेली असू शकते. युद्धानंतर कुणा डीलरने किंवा हौशी माणसाने सुटे पार्ट जमवून "रिस्टोअर" केलेली असू शकते, किंवा मुद्दाम महागड्या व्हर्जनची नक्कल म्हणून बनवलेली असू शकते. दुसरी अवस्था म्हणजे फसवणूक नव्हे, तो त्या रायफलच्या नोकरीचाच भाग आहे, फक्त तिला पहिलीचा भाव लावायचा नाही. खरा घोळ होतो तो दुसरी आणि तिसरी ओळखण्यात.

टप्पा १: तयारी

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, नळीत टाकायचा बारीक लाइट, यूव्ही टॉर्च, मिलीमीटरची मोजपट्टी, नळीत जाईल अशी गोल लाकडी काठी, सुती हातमोजे, आणि स्क्रूच्या खाचेत घट्ट बसतील असे सरळ कडांचे स्क्रूड्रायव्हर. घरातला नेहमीचा पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर लावू नका, तो खाचेतून सटकतो आणि ऐंशी वर्षांच्या स्क्रूला नवा ओरखडा देऊन जातो, आणि पुढचा बघणारा म्हणतो की ही उघडलेली आहे.

त्या मॉडेलच्या मार्किंगची माहिती आधी वाचून ठेवा. समोर रायफल आणि एका हातात फोन, असं करत गेलात की विकणाऱ्याचं बोलणंच खरं वाटायला लागतं.

इशारा: कुणी काहीही सांगितलेलं असो, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) स्वतः उघडा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपून बघा. जुन्या साठ्यातल्या रायफली भरलेल्या सापडल्यात, आणि नळीत अडकलेल्या चिंध्या आणि तुटलेले क्लीनिंग रॉड तर नेहमीचेच. तुमच्या देशात ही वस्तू बाळगायला कुठलं लायसन्स लागतं हेही आधी बघा, नंतर नाही.

टप्पा २: न उघडता लांबून बघणं

इथे घाई करणारेच जास्त फसतात. स्क्रूला हात लावायच्या आधी रायफल आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी नीट बघा आणि फोटो काढा, उघडल्यानंतर काय कुठे होतं हे आठवत नाही.

पहिलं बघायचं नळीची लांबी. बोल्ट बंद करून काठी मझलमधून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडातून, हळूच आत सोडा, बोल्टला टेकली की मझलच्या कडेशी खूण करा आणि मोजा. जर्मन के९८के साधारण ६०० मिलीमीटर, रशियन मोसिन-नागांत ९१/३० साधारण ७३०, ब्रिटिश ली-एनफिल्ड नंबर ४ साधारण ६४०, अमेरिकन एम१ गॅरंड साधारण ६१०. आकडा ठळकपणे कमी आला तर कुणीतरी शिकारीसाठी नळी कापलीय आणि पुढची अर्धी तपासणी वाचली.

दुसरं, रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या धातूच्या भागावर, भोकं. स्कोप बसवायला नंतर पाडलेली भोकं असतील तर ती रायफल कलेक्टरच्या हिशोबातून जवळजवळ बाहेर जाते. कापलेला दस्ता बदलता येतो, नळीसुद्धा बदलता येते, रिसीव्हरमधलं भोक मात्र परत भरून येत नाही. वेल्ड करून बुजवलेलं भोक भिंगाखाली वेगळ्या रंगाच्या गोल डागासारखं दिसतं.

तिसरं, रंगाची एकसारखी चमक. बोल्ट, रिसीव्हर, बँड (नळी आणि लाकूड एकत्र बांधणारं कडं), बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी), सगळंच एकाच काळ्या रंगात चमचमत असेल तर ते युद्धकाळातलं काम नाही, कारण वेगवेगळे पार्ट वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने फिनिश व्हायचे आणि कित्येक बोल्ट तर पांढऱ्या पॉलिश केलेल्या स्टीलचेच असायचे.

तपासा: स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या दिसतायत का. उघडली गेलीय एवढंच त्यातून कळतं, वाईट असं नाही, पण "कधीच उघडलेली नाही" हे वाक्य ऐकलं असेल तर तिथेच हिशोब जुळला नाही.

टप्पा ३: मॉडेल, कारखाना, वर्ष

आता रिसीव्हर वाचा. के९८केच्या रिसीव्हरच्या रिंगवर कारखान्याचा कोड आणि वर्ष असतं. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा कोड आधी एस/४२, मग ४२, मग बीवायएफ आणि शेवटी १९४५ मध्ये एसव्हीडब्ल्यू असा बदलत गेला. बीएनझेड म्हणजे स्टायर, डीओटी म्हणजे बर्नोचा कारखाना, बीसीडी म्हणजे गुस्टलॉफ. ही यादी पाठ करायची गरज नाही, कोड आणि वर्ष एकमेकांना धरून आहेत का एवढं बघायचं. मोसिनवर तुला कारखान्याचा तारा आणि इझेव्हस्कचा त्रिकोण, दोन्हींत बाण. अष्टकोनी रिसीव्हर १९३६ च्या सुमारापर्यंत, त्यानंतर गोल.

ली-एनफिल्डच्या बाबतीत एक जास्तीची पायरी आहे ती म्हणजे खैबर खिंडीच्या भागात हाताने बनवलेल्या नकला. तिथले कारागीर कमालीचे कुशल, पण ज्या ठशांची नक्कल करायची त्यांची भाषाच त्यांना वाचता यायची नाही. त्यामुळे उलटा एन, चुकलेलं स्पेलिंग, वाकडातिकडा मुकुट. सगळ्यात गंमतीची खूण म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चिन्ह आणि त्याखाली १९१० नंतरचं वर्ष, राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. अशी रायफल भिंतीवर शोभते, तिच्यातून गोळी झाडायची नाही, स्टील कुठलं आहे ते कुणालाच माहीत नसतं.

टप्पा ४: पार्ट त्या वर्षात बसतात का

माझ्या मते सगळ्या तपासणीत हा टप्पा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात जास्त गाळला जाणारा. नंबर खोटे पाडता येतात. पण नंबर पाडणारा माणूस पार्टचा काळ बघायला विसरतो.

के९८के घ्या. युद्ध पुढे सरकलं तसं काम स्वस्त होत गेलं, मिलिंग करून घडवलेले बँड आणि ट्रिगर गार्ड जाऊन पत्र्यातून ठोकून काढलेले आले, शेवटी शेवटी तर क्लीनिंग रॉड आणि संगीन अडकवायचा लग सुद्धा गाळला. चपटी बट प्लेट जाऊन कपासारखी आली. तीस आणि चाळीसच्या दशकांच्या सांध्यावर अक्रोडाच्या अखंड दस्त्याची जागा पातळ थर चिकटवून केलेल्या लॅमिनेट दस्त्याने घेतली. आता समजा रिसीव्हरवर १९३७ आणि बँड पत्र्याचे, तर ते बँड नंतर आलेत. नंबर जुळत असले तर आणखीच वाईट, कारण मग कुणीतरी ते जुळवलेत.

उलट दिशेनेही फसवणूक चालते. अमेरिकन एम१ कार्बाइनवर संगिनीचा लग आणि ॲडजस्ट होणारी साइट १९४४ पासून पुढे आली, आणि युद्धानंतर आर्सेनलमध्ये आलेल्या बहुतेक कार्बाइनना ती बसवली गेली. कलेक्टरना मात्र बिनलगाची, साधी फ्लिप साइटवाली आवडते. मग डीलर काय करतात, लग काढतात, जुनी साइट शोधून बसवतात आणि १९४३ ची "ओरिजिनल" म्हणून विकतात. पार्ट सगळे खरे, काळ सगळा बरोबर, तरीही ती रिस्टोअर केलेली कार्बाइन आहे. हे ओळखायचं कसं? साइट ज्या खाचेत बसते तिच्या बाजूला बघा. आर्सेनलमध्ये बसवलेली साइट हलू नये म्हणून कडेला पंचने ठोकलेलं असतं, साइट काढली तरी ते घाव राहतात. बँडखालच्या फिनिशवर रुंद बँडची सावली उरलेली असते.

एम१ गॅरंडवर फक्त रिसीव्हरला सिरियल नंबर असतो, बाकी पार्टवर ड्रॉइंग नंबर, म्हणजे पार्ट ज्या आराखड्यावरून बनला त्याचा नंबर. त्यामुळे "ऑल मॅचिंग गॅरंड" असं कुणी म्हणालं तर त्याला काही माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावं अशी त्याची इच्छा आहे. गॅरंडच्या बाबतीत दोनच प्रश्न: पार्टचे ड्रॉइंग नंबर त्या सिरियलच्या काळातले आहेत का, आणि ते तेव्हापासूनच तिथे आहेत की गेल्या काही वर्षांत जमवून बसवलेत. ऑपरेटिंग रॉड मागे ओढला की नळीवरची तारीख दिसते, ती रिसीव्हरच्या महिन्याच्या आसपास, शक्यतो किंचित आधीची हवी. रिसीव्हर १९४३ चा आणि नळी १९५२ ची असेल तर ती आर्सेनलमधून गेलेली प्रामाणिक रायफल आहे, भाव तसा.

तपासा: न जुळणाऱ्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा की हे लष्कराने केलं असेल की नंतर कुणी. लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५: नंबर

आता नंबर, म्हणजे जिथून बाकीचे सुरुवात करतात तिथे आपण पाचव्या टप्प्याला आलो.

आधी त्या देशाची पद्धत समजून घ्या. जर्मन रायफलला चार आकड्यांपर्यंतचा नंबर आणि त्याखाली एक अक्षर, दर वर्षी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नुसता ४७१२ म्हणजे काहीच नाही, ४७१२ आणि अक्षर, कोड, वर्ष एवढं मिळून ती एक रायफल. छोट्या पार्टवर शेवटचे दोन आकडे, आणि युद्धाच्या शेवटी शेवटी कित्येक पार्टवर नंबर घालणंच सोडून दिलं होतं. मग १९४५ च्या रायफलच्या प्रत्येक बारीक पार्टवर नंबर दिसला तर आनंद मानायचा की संशय घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. मोसिनवर नळी, बोल्ट, मॅगझिनची फ्लोअरप्लेट आणि बट प्लेट या चार जागा. ली-एनफिल्डवर रिसीव्हर, बोल्टच्या दांडीचा मागचा भाग, नळी आणि दस्त्याचं पुढचं टोक बघा.

नंबर जुळले, आता ते कधी पाडलेत ते बघा. भिंग घ्या आणि प्रकाश तिरका टाका. ठोकून पाडलेल्या आकड्याच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो. जुना ठसा असेल तर ती उचललेली कड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, आणि आकड्याच्या तळाशी आजूबाजूसारखंच जुनं ब्लूइंग (स्टीलवर चढवलेला निळसर-काळा थर). नवा ठसा असेल तर कड बोटाला लागते आणि तळ उघडा किंवा वेगळ्या काळेपणाचा. आकड्याभोवतीचा भाग हलकासा खोलगट दिसला, म्हणजे तिरक्या उजेडात तिथे उथळ बशी झाल्यासारखं वाटलं, तर आधीचा नंबर घासून काढलाय. विजेच्या पेनने लिहिलेला नंबर जवळून बघितला की ठिपक्यांच्या ओळीसारखा असतो. मशीनने कोरलेल्या आकड्याचा तळ सपाट असतो. मग आकड्यांचा फाँट जुळवा, एकाच कारखान्याचा ४ आणि ७ सगळ्या पार्टवर एकाच वळणाचे हवेत.

विजेचं पेन दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. सोव्हिएत सैन्याने जप्त केलेल्या हजारो के९८के रायफली त्यांनी खोलून, पार्टांचे ढीग करून, पुन्हा कशाही जोडल्या, बोल्टवर रिसीव्हरचा नंबर विजेच्या पेनने लिहिला, दस्त्याला शेलॅक (लाखेचं वार्निश) फासलं, पांढरे बोल्टही काळे केले, कित्येकींवर एक्स असा ठसा मारला आणि काही ठिकाणी जर्मन गरुडाचे ठसे ठोकून बुजवले. याच "रशियन कॅप्चर". मोसिनच्या रीफर्बिशमध्येही जुन्या नंबरावर रेघ मारून शेजारी नवा पाडलेला दिसतो. ही लष्करी जुळवणी आहे, फोर्स्ड मॅच म्हणतात, उघडउघड केलेली. यात फसवण्याचा हेतू नाही, पण फॅक्टरी मॅचिंगचा भावही नाही.

इशारा: शेलॅक काढून, एक्स घासून, काळा केलेला बोल्ट पुन्हा पांढरा करून "सैनिकाने युद्धावरून आणलेली" म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली बाजारात आहेत. शेलॅक वरून निघतं, दस्त्यात नळी बसते त्या खाचेच्या कोपऱ्यात आणि बट प्लेटखाली लालसर चकाकी उरतेच.

टप्पा ६: लाकूड

लाकूड कधी घासलंय का हे बघायला लाकडाकडे नाही, लाकूड आणि धातू जिथे मिळतात तिथे बघा. मूळ दस्त्यात लाकूड बट प्लेटच्या आणि रिसीव्हरच्या कडेपेक्षा किंचित वर असतं. धातूची कड लाकडाबाहेर आली आणि नखाला लागली तर सँडपेपर फिरलाय. मग ठसे बघा, घासलेल्या दस्त्यावर ते उथळ आणि अर्धवट होतात.

ठसा खूप छान, ठसठशीत, तर तोही संशयास्पद. जुन्या ठशात लाकडाचे धागे दाबले गेलेले असतात आणि वर्षानुवर्षांचं तेल-मळ तळाशी बसून तो गडद होतो. जुन्या लाकडावर आत्ता मारलेला ठसा कडेला फिनिशचा पापुद्रा फोडतो, तळ आजूबाजूपेक्षा उजळ राहतो. गॅरंडच्या दस्त्यांवर हे सर्रास चालतं. युद्धकाळातल्या स्प्रिंगफील्ड या अमेरिकन सरकारी कारखान्याच्या दस्त्यावर एसए आणि तपासनिसाची आद्याक्षरं चौकटीत असतात, त्याच्या जागी संरक्षण खात्याचा गरुड असेल तर तो दस्ता पन्नासच्या दशकातला. म्हणून लोक रिकामे दस्ते घेऊन जुनी चौकट मारून घेतात.

यूव्ही टॉर्च अंधारात फिरवा. इपॉक्सी आणि नवा फिलर बऱ्याचदा चमकतात, जुनं तेल फारसं नाही. दस्त्याच्या मनगटाजवळ (हाताने पकडायच्या बारीक भागाजवळ) आणि बोल्टच्या मागे चीर जोडलेली असते, तिथे आधी बघा.

मग खालचा बँड सोडवून त्याखाली दस्ता आडवा कापलेला आहे का ते बघा. याला डफल कट म्हणतात. अमेरिकन सैनिक घरी परतताना रायफल पिशवीत मावावी म्हणून दस्ता बँडखाली कापायचे, म्हणजे बँड चढवला की काप दिसत नाही. किंमत कमी होते, हो, पण रायफल सैनिकाच्या सामानातून आली हे सांगणारा यापेक्षा बरा पुरावा क्वचितच मिळतो. विकणाऱ्याने सांगितलेली बैठकीतली गोष्ट एकीकडे आणि हा काप एकीकडे.

स्विस के३१ असेल तर बट प्लेट जरूर उघडा, त्याखाली ज्या सैनिकाला ती दिली होती त्याच्या नावाचा छोटा कागद कधीकधी सापडतो. सापडला तर फोटो काढा आणि तिथेच ठेवा, तो बाहेर काढून फ्रेम करायची वस्तू नाही. स्वीडिश एम/९६ च्या दस्त्यावर पितळी चकती असते आणि तिच्यावर नळीच्या मापाची आणि स्थितीची खूण, पण चकती दस्त्यावर आहे आणि दस्ते बदलतात, म्हणून चकतीवर विसंबून नळी बघायचं टाळू नका.

टप्पा ७: धातूचं फिनिश

हा टप्पा पटकन होतो. मूळ फिनिश जिथे हात लागतो तिथे झिजतं: बोल्टची मूठ, फ्लोअरप्लेटची कड, मझल, बँडच्या बाजू. झीज नको त्या जागी किंवा सगळीकडे सारखी असेल तर ती केलेली आहे. गंजाच्या खड्ड्याच्या आत ब्लूइंग दिसलं तर आधी गंज आणि मग ब्लूइंग, म्हणजे री-ब्लू, दुसरा अर्थ निघत नाही. मार्किंगच्या कडा गोल झाल्या असतील, सपाट पृष्ठभागावर लाटा दिसत असतील, तर बफिंग व्हीलवर धरलेली आहे.

टप्पा ८: नळी आणि हेडस्पेस

दोन वेगळे प्रश्न आहेत, ते मिसळू नका. नळीची स्थिती किंमत ठरवते, हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, जीव वाचवतो.

नळी आधी पुसा, कोरडा कपडा दोनदा फिरवा, ग्रीस भरलेली नळी चांगलीच दिसते. मग लाइट टाकून बघा: रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) कडा धारदार की गोल, खाचांमध्ये नुसता मळकट दाणेदारपणा की खरे खड्डे. जुन्या काडतुसांचे प्रायमर नळीत क्षार सोडायचे, वेळेवर धुतलं नाही की ही दशा, त्यामुळे थोडं गडद, दाणेदार दिसणं या रायफलींत नेहमीचं आहे. मझलशी नीट बघा. मोसिनमध्ये झिजलेलं टोक आतून मोठ्या ड्रिलने खोदून काढलेलं सापडतं, काउंटरबोअर म्हणतात, वरून नळीचं तोंड मोठं आणि आत काही अंतरावर रायफलिंग सुरू. तेही आर्सेनलचंच काम, नेम चांगला लागू शकतो, पण लिहून ठेवा.

हेडस्पेस गेजने तपासायचं आणि ते गनस्मिथकडून. बोल्टचा नंबर जुळत नसेल तर ते ऐच्छिक नाही. नंबर जुळतोय पण फोर्स्ड मॅच आहे, तरीही तपासा, नंबर लिहिल्याने बोल्ट बसत नाही.

इशारा: स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या १९०३ रायफलमध्ये ८,००,००० च्या खालचे सिरियल नंबर असलेले रिसीव्हर ठिसूळ असू शकतात, उष्णता देण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. त्या झाडण्यासाठी धरायच्याच नाहीत. ली-एनफिल्डवर डीपी असा ठसा म्हणजे कवायतीसाठी बाद केलेली. आणि कॅलिबर रिसीव्हरवरून गृहीत धरू नका: के९८के रायफलींना इस्रायलने ७.६२ नाटोच्या आणि नॉर्वेने .३०-०६ च्या नळ्या बसवल्यात, चेंबरचं माप घेऊनच काडतूस ठरवा.

टप्पा ९: महागड्या व्हर्जन

रायफल साध्या मॉडेलच्या कितीतरी पट भावाची असल्याचा दावा असेल तर वरचं सगळं करून झाल्यावर हे वेगळं करायचं. इथे माझा नियम उलटा आहे, नकली समजून सुरुवात करायची आणि रायफलला खरी सिद्ध होऊ द्यायची.

ली-एनफिल्ड नंबर ५ जंगल कार्बाइन: साधी नंबर ४ कापून, पुढे फ्लॅश हायडर लावून भरपूर बनवल्या गेल्या. खऱ्या कार्बाइनच्या रिसीव्हरवर आणि नळीच्या मागच्या जाड भागावर वजन कमी करायला धातू खोदून काढलेला असतो, बोल्टची मूठही पोकळ. वरचं लाकूड काढलं की दोन मिनिटांत निकाल.

ली-एनफिल्ड नंबर ४ स्नायपर: रिसीव्हरच्या डाव्या बाजूला टी आणि टीआर, दस्त्याखाली हॉलंड अँड हॉलंडचा एस५१ हा कोड, आणि मनगटावर त्या रायफलच्या स्कोपचा नंबर. हातातला स्कोप आणि तो नंबर वेगळे असतील तर रायफल खरी असूनही किंमत खाली येते.

मोसिन पीयू स्नायपर (पीयू हे स्कोपचं नाव): युद्धानंतर खूप स्नायपरांचे स्कोप काढून भोकं बुजवून त्यांना साध्या रायफली केलं, त्यामुळे "एक्स-स्नायपर" ही खरीखुरी जात आहे. गंमत अशी की त्यांच्यावर पुन्हा स्कोप चढवून त्या स्नायपर म्हणूनही विकतात, आणि साध्या रायफलला भोकं पाडूनही. नळीवर जुन्या स्कोपचा नंबर आहे का, भोकांच्या आत फिनिश जुनं आहे का.

जपानी आरिसाका: रिसीव्हरवरचं सोळा पाकळ्यांचं फूल जपानच्या शरणागतीच्या वेळी बहुतेकांवरून घासून काढलं गेलं. शाबूत फूल म्हणजे जास्त भाव, म्हणून फूल पुन्हा कोरणारेही आहेत. सरळ पट्टी रिसीव्हरवर त्याच्या लांबीच्या दिशेने धरा, फुलाखाली उजेड दिसला तर तिथला धातू आधी घासला गेलाय.

टप्पा १०: कागद आणि गोष्टी

आजोबांची गोष्ट खरी असेलही, तिचे पैसे द्यायचे नाहीत. सैनिकाला सामान नेण्यासाठी मिळालेला कागद सोबत असेल तर त्यावर सिरियल नंबर लिहिलाय का बघा, बहुधा नुसतं "एक जर्मन रायफल" एवढंच असतं, म्हणजे तो कागद कुठल्याही जर्मन रायफलसोबत ठेवता येतो. नंबर असेल आणि जुळत असेल तर मात्र कागदाला स्वतःची किंमत आहे.

अमेरिकेत आयातदाराचा छोटा ठसा नळीवर किंवा रिसीव्हरवर असतो, १९६८ च्या कायद्यानंतर आलेल्या मालावर. ठसा नसेल तर बहुधा त्याआधी आलेली, म्हणून बिनठशाची जास्त भावाची. ठसा असून "आजोबांनी आणली" ऐकलं तर पुढे बोलायचं कारण नाही. घासून काढलेल्या ठशाची जागा तिरक्या उजेडात दिसते, ती दिसली तर तिथून निघा.

संगीन सोबत असेल तर ती वेगळी मोजा. जर्मन संगिनीचा नंबर तिच्या म्यानाशी जुळायला हवा, रायफलशी नाही.

टप्पा ११: किंमत

आता कागदावर एकच वाक्य लिहा: मॉडेल, कारखाना, वर्ष, फॅक्टरी मॅचिंग की फोर्स्ड मॅच की मिसमॅच, फिनिश मूळ की री-ब्लू, लाकूड घासलेलं की नाही, नळी, आयात ठसा, काय गायब आहे. हे वाक्य पूर्ण झाल्याशिवाय भाव शोधायचा नाही.

मग त्याच वर्णनाचे झालेले व्यवहार शोधा. मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, ती धरू नका, जी रायफल वर्षभर त्याच भावाने पडून आहे ती हेच सांगतेय की तो भाव कुणी देत नाही. लिलावाचा आकडा असेल तर तो बोलीचा आहे की खरेदीदाराचं कमिशन धरून आहे ते बघा, यात मोठा फरक पडतो. गेल्या वर्षभरातलेच व्यवहार घ्या, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा, उरलेल्यांत तुमच्या वाक्याशी सगळ्यात जवळचे कुठले ते निवडा. "हीच रायफल मागे एवढ्याला गेली" असं म्हणताना ती डीओटी होती आणि तुमची बीवायएफ, ती मॅचिंग आणि तुमची रशियन कॅप्चर, तर ती हीच रायफल नव्हे.

गायब पार्टची किंमत वजा करा, अंदाजाने नाही, तो पार्ट त्याच काळातला मूळ घ्यायचा तर कितीला मिळतो ते शोधून. आरिसाकाचं डस्ट कव्हर, के९८केचा क्लीनिंग रॉड आणि साइटचं हूड, स्लिंग, हे सुटे घ्यायला गेलं की जीव घाबरतो. उलट एक हिशोब करून बघा: सगळे पार्ट सुटे विकले तर बेरीज रायफलच्या किमतीपेक्षा जास्त येते का. येत असेल तर ही रायफल कधीतरी कुणी खोलून विकली आणि पुन्हा भरली असण्याची शक्यता वाढते, चौथ्या टप्प्यातली यादी परत वाचा.

एकच किंमत काढू नका. डीलर तुमच्याकडून घेईल ती, दुसऱ्या कलेक्टरला थेट विकाल ती आणि विम्यासाठी लिहाल ती, या तीन वेगळ्या असतात आणि तिन्ही बरोबर असतात.

अजून शंका असेल तर विकणाऱ्याकडे हे फोटो मागा: बोल्टवरचा नंबर तिरक्या उजेडात, बट प्लेट काढून आतलं लाकूड, आणि वरचं लाकूड काढून नळीची मागची बाजू. फोटो मिळायला आठवडा लागला तरी चालेल, थांबा. आणि विकणारे तुम्ही असाल तर हेच फोटो आधीच काढून ठेवा, धूळ पुसून, हलकं तेल लावून, बाकी कशालाही हात न लावता.